दाढेला टोपी

सांगलीच्या हळदीच्या बाजारात धन्यकुमार शेटजींपेक्षा पैसेवाली माणसं पुष्कळ होती, शिकलेली त्याहून पुष्कळ होती, पण दाढ मात्र एकाच माणसाला होती. बाकीच्यांना नुसते दात. यार्डात कुणी "दाढेनं काय सांगितलं?" असं विचारलं, तर कुणाची दाढ हे विचारायची पाळी येत नसे.

शेटजी अडत्ये. शेतकऱ्यानं त्यांच्या दुकानापुढं हळद ओतायची, त्यांनी पारखून प्रत सांगायची आणि मग व्यापाऱ्यांनी बोली करायची, असा धंदा. हळद पारखायला कुणी हळकुंड दगडानं ठेचतं, कुणी नुसतं वाजवून बघतं, आणि शेजारच्या दुकानातल्या उदयसिंहासारखी हल्लीची मंडळी ओलावा मोजायचं यंत्र लावतात. शेटजी ढिगातून एक हळकुंड उचलत, उजवीकडच्या खालच्या दाढेवर ठेवत, डोळे मिटत आणि टक्‌ करून त्याचे दोन तुकडे करत. मग गाभ्याकडे एकदा बघायचं, बाजूला थुंकायचं आणि म्हणायचं, "एक नंबर." नाहीतर "दोन नंबर." नाहीतर नुसतं "उचला." शेटजी "उचला" म्हणाले की त्या ढिगाकडे पुन्हा कुणी वळून बघत नसे.

शेटजी जैन, आणि नेमाचे पक्के. कांदा, बटाटा, गाजर, जमिनीखालचं म्हणून काही त्यांच्या घरात शिजत नसे. वाळलेली हळद चालते हे त्यांनी दोन वेगवेगळ्या महाराजांना विचारून घेतलं होतं, तरी चावलेलं ते कधी गिळत नसत. कंदमूळ वर्ज्य असलेला माणूस बत्तीस वर्षं कंद चावून नाव कमावतो, याची त्यांच्या पत्नी सुरेखाबाईंना फार मौज वाटे. त्या ती मौज पाहुण्यारावळ्यांना सांगत, आणि शेटजींना ते मुळीच आवडत नसे.

शिवाय एक मान होता. हंगामाच्या पहिल्या सौद्याला, म्हणजे मुहूर्ताला, नारळ फुटला की लगेच पहिलं हळकुंड शेटजींच्या दाढेनं फोडायचं, असा बावीस वर्षांचा रिवाज पडला होता. त्या दिवशी ते नवी पांढरी टोपी घालून जात. गडी तसा साधा, पण त्या एका दिवशी जमिनीपासून दोन बोटं वर चालायचा. माणसाला काहीतरी एक लागतंच.

तर अशी ही दाढ. मार्गशीर्षातल्या एका सकाळी शेटजींनी भाकरीचा घास चावला आणि ते ताटावरून उठून उभे राहिले. कानापर्यंत कळ गेली होती. सुरेखाबाईंनी विचारलं तर म्हणाले, "पाय मुंग्यायला लागला." मग चार दिवस लवंग, लवंगेचं तेल, मिठाच्या गुळण्या, सगळं चोरून. यार्डात दाढ दुखते म्हणून सांगायचं म्हणजे वैद्यानंच खोकत बसायचं. पाचव्या दिवशी गालानंच सांगून टाकलं.

"आवं, गालात लाडू ठेवलाय काय?" सुरेखाबाई म्हणाल्या.

"न्हाई."

"मग चला उठा, डॉक्टरकडं."

विश्रामबागेत डॉक्टर राजेश्वरीचा दवाखाना होता. ती मूळची साताऱ्याकडची, मेढ्याची. सांगलीत दवाखाना टाकून तिला दोनच वर्षं झाली होती. बोलायची शहरी, पण चिडली की मेढ्याचं पाणी वर यायचं. तिनं एक्स-रे काढला, पडद्यावर मोठा केला आणि दाढेच्या मुळाशी दिसणाऱ्या काळ्या डागावर बोट ठेवलं.

"काका, ही दाढ आज मेलेली नाही. हिच्या आतली नस मरून तीनेक वर्षं तरी झाली असावीत. आता खाली पू साठलाय म्हणून दुखतंय एवढंच."

शेटजींनी मनातल्या मनात हंगाम मोजले. तीन वर्षं म्हणजे तीन मुहूर्त, आणि ढीग तर किती फोडले त्याला गणतीच नाही. "मग इतके दिवस बोलत कोण हुतं?" त्यांनी विचारलं.

राजेश्वरीला त्यातलं काही कळलं नाही. ती म्हणाली, "आ करा."

तीन खेपांत रूट कॅनॉल झालं. तिन्ही वेळा शेटजींनी बाजारात कुंभोजला दर्शनाला चाललोय असं सांगितलं. शेटजींना आता वैराग्य यायला लागलं, मुलाच्या नावावर दुकान करणार बहुतेक, अशी कुजबुज सुरू झाली. ठणका मात्र गेला. शेटजींना वाटलं, संपलं. पण खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

"आता हिच्यावर काय बसवायचं ते ठरवू," राजेश्वरी म्हणाली. "नुसतं सिमेंट भरून भागणार नाही. आतून कोरलेली दाढ पोकळ होते, भिंती पातळ उरतात, आणि एखाद्या दिवशी चावताना उभी चिरते. तिला वरून सगळीकडून धरणारी टोपी पाहिजे. कॅप."

तिनं टेबलावर तीन टोप्या मांडल्या. एक सगळी पांढरी, झिरकोनियाची. एक आतून धातूची आणि वरून पांढरा मुलामा दिलेली. तिसरी निव्वळ धातूची, भांड्यासारखी चकचकीत. शेटजींनी तिन्ही उचलून, वजन केल्यासारख्या तळव्यावर हलवून बघितल्या.

"ह्यातली हळकुंड फोडणारी कुठली?"

राजेश्वरीनं सुरेखाबाईंकडे बघितलं. सुरेखाबाईंनी छताकडे. शेटजींनी सदऱ्याच्या खिशातून एक हळकुंड काढून टेबलावर ठेवलं. राजेश्वरीनं ते हातानं मोडून बघितलं, मोडलं नाही. लोखंडी ट्रेवर आपटलं तर खण्ण वाजलं आणि ट्रेलाच पोचा पडल्यासारखा वाटला.

"हे तुम्ही दातानं फोडता?"

"बत्तीस वरसं."

"तरीच," ती म्हणाली. "मी विचार करत होते की ही एकच दाढ बाकीच्यांपेक्षा एवढी बुटकी कशी."

मग तिनं नीट समजावून सांगितलं. मुलाम्याची टोपी दिसायला बरी, पण जोर पडला की मुलाम्याचा टवका उडतो. झिरकोनिया दणकट, पण तिला जाडी लागते, म्हणजे दाढ वरून आणखी कापावी लागणार. ही दाढ आधीच झिजून एवढीशी राहिलेली. आणखी कापली तर टोपी धरायला खाली काही उरायचं नाही. धातूची टोपी पातळ असली तरी चालते, टवका उडत नाही, आणि वरच्या दाढेलाही ती सोसते. तुमच्यासाठी धातूचीच बरोबर आहे.

"आणि दिसंल कशी?"

"मागची दाढ आहे काका, कोण बघतंय?"

शेटजींनी धातूची टोपी बाजूला सारली. कारण बघणारे दीडशे जण होते. मुहूर्ताच्या दिवशी ते सगळ्या यार्डासमोर तोंड उघडत, आणि लोक त्या तोंडात विहिरीत डोकवावं तसे डोकावत. तिथं धातू चमकला की बावीस वर्षांचा मान त्याच क्षणी खलास. "पांढरीच बसवा," ते म्हणाले.

राजेश्वरीनं नाखुशीनं रंग जुळवायची पट्टी काढली. पट्टीवर ओळीनं सोळा नकली दात लावलेले, एकेका छटेचे. शेटजींनी ती हातात घेतली मात्र, आणि माणूस बदलला. ते उठून खिडकीपाशी उजेडात गेले, पट्टी तिरकी धरली, डोळे बारीक केले.

"हा चौथा आन्‌ ही तुमची दुसरी पट्टी हाय तिथला चौथा, दोनी एकच म्हंता व्हय तुमी?"

"एकच आहेत. नंबर एकच आहे ना."

"नंबर आसंल. रंग न्हाई. ह्यो जरा लालसर झालाय. उन्हात ठिवला हुता का?"

राजेश्वरीनं दोन्ही पट्ट्या शेजारी धरल्या, वेगवेगळ्या कोनांतून बघितल्या आणि कपाळाला हात लावला. जुनी पट्टी वर्षभर खिडकीतच पडलेली असायची. तिच्या डोळ्यांना तो फरक दाखवून दिल्यावरही जेमतेम दिसत होता.

"काका, एवढी नजर आहे तर तुम्हाला दाढ लागते कशाला?"

हा प्रश्न शेटजींनी ऐकला आणि सोडून दिला. चांगला प्रश्न माणूस सहसा सोडूनच देतो.

शेवटी दोन दिवस विचार करायचा असं ठरलं. तोवर तिनं दाढेवर प्लॅस्टिकची पांढरी तात्पुरती टोपी चिकटवली आणि बजावलं, "त्या बाजूनं पापडसुद्धा चावायचा नाही."

पापड नाही म्हणाली होती. हळकुंडाचं नाव तिनं घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सुरेखाबाई शेजारी गेलेल्या बघून शेटजींनी डब्यातून हळकुंड काढलं. फोडायचं नव्हतंच मुळी. टोपी घातलेल्या दाढेला काही कळतं की नाही, एवढंच बघायचं होतं. जोखीम नको म्हणून आधी त्यांनी ते बत्त्यानं ठेचून अर्धं केलं आणि ते अर्धं दाढेखाली धरून हळूहळू, लाडीगोडीनं दाबत पाचेक मिनिटं बसले. हळकुंड फुटलं नाही, टोपीही पडली नाही. शेटजींनी चूळ भरली आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं वर्तमानपत्र उघडलं.

सूर्य मावळायच्या आत जेवायला बसले. कशावरून तरी शेटजी मोठ्यानं हसले आणि सुरेखाबाईंचा हात ताटाशीच थांबला.

"आवं, तुमच्या दाढंला हळद लागलीया. लगीन कवा हाय?"

शेटजींनी आरशात बघितलं. प्लॅस्टिकच्या पांढऱ्या टोपीनं हळद अशी पिऊन घेतली होती, की तोंडात झेंडूची पाकळी अडकल्यासारखी दिसत होती. ब्रशनं घासली, मिठानं घासली, लिंबू लावलं. उलट जास्तच खुलली.

"किती चावलंत?" सुरेखाबाईंनी विचारलं.

"अर्धंच," शेटजी म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांना कळलं आपण काय म्हणालो ते.

सुरेखाबाई पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. "अर्ध्या हळकुंडानं पिवळं हुणं म्हंत्यात," त्या म्हणाल्या, "लहानपणापास्नं ऐकत आलोय. आज डोळ्यांनी बघितलं."

दवाखान्यात राजेश्वरी मात्र हसली नाही. मेढ्याचं पाणी वर आलं. "न्हाई म्हंजे न्हाई, काका. लय झालं. आता नीट ऐका. धातूची टोपी मी तुम्हाला अशी बसवीन की ती वीस वर्षं हलायची नाही. पण हळकुंड फोडलंत तर टोपीला काही होणार नाही, खालची दाढ उभी चिरेल. मग उपटण्याशिवाय इलाज नाही. ठरवा, दाढ ठेवायचीय का हळकुंड फोडायचंय."

"पण पांढरी…"

"आवं, हत्तीचे दाखवायचे दात निराळे आन्‌ खायचे निराळे," सुरेखाबाई मध्ये पडल्या. "तुमाला भाकरी खायचीया का मिरवायचंय?"

खरं सांगायचं तर शेटजींना दोन्ही करायचं होतं. पण दोन बायका एका बाजूला झाल्यावर चांगल्या चांगल्यांचं काही चालत नाही. मुहूर्ताच्या आठ दिवस आधी धातूची टोपी बसली. भाकरी छान चावता यायला लागली, कडक पापुद्र्यासकट. आरशात बघितलं की मात्र दाढेवर जर्मनची वाटी पालथी घातल्यासारखं दिसे, आणि शेटजींचं तोंड आपोआप मिटे.

मुहूर्ताला काय करायचं? सांगून टाकावं, असं एकदा वाटलं. मग उदयसिंहाचं यंत्र डोळ्यांपुढं आलं. दाढ गेली म्हटल्यावर उद्यापासून सगळे त्या यंत्रापुढं ढीग ओततील, आणि आपण दुकानात बसून पावत्या फाडायच्या. साठी ओलांडलेल्या माणसाला आपल्याविना काम अडत नाही हे कळण्यासारखं दुसरं भय नाही. शेटजी त्या भयानं खरोखर पोखरून गेले होते, आणि भ्यालेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. डोकं चालवलं.

त्यांनी घरातलं सगळ्यांत देखणं हळकुंड निवडलं, बारीक करवतीच्या पात्यानं मधोमध पाऊण जाडीपर्यंत कापलं, आणि ती फट हळदीच्या ओल्या पिठानं लिंपून वाळवली. बाहेरून बघणाऱ्याला काही कळू नये असं सफाईदार काम झालं. ते हळकुंड नुसतं दाढेवर ठेवलं तरी मोडणार होतं. बत्तीस वर्षांत खोटं माप न केलेल्या माणसाचा हा पहिलाच प्रयत्न होता.

रथसप्तमीनंतरच्या सोमवारी मुहूर्त होता. पहिला ढीग पडला तो जोतीरामाचा. जोतीराम वाईकडचा शेतकरी, सैन्यातून हवालदार होऊन परतलेला, सहा फुटी, आवाज पल्ल्याचा. चौदा वर्षं तो दरसाल टेम्पो भरून साताऱ्यावरून सांगलीला शेटजींकडेच येत असे. वाटेत दुसरे बाजार नव्हते असं नाही.

"शेट, यंदा मी हळदीला हात लावल्याला न्हाई," ढिगाशेजारी उभा राहून तो म्हणाला. "सगळी सूनबाईनं शिजवली. पयलीच येळ हाय तिची. निम्मी आनलीया, निम्मी आजून शिजवायची ऱ्हायलीया. तुमी काय म्हंता ते कळलं की मग तिला सांगायचं."

नारळ फुटला. गुलाल उधळला. दीडशे जणांनी कोंडाळं केलं. शेटजींनी नवी टोपी सारखी केली, खाली वाकले, ढिगातलं एक हळकुंड उचललं आणि उठता उठता ते डाव्या मुठीत सरकवून उजव्या हातात खिशातलं घेतलं. कुणाला कळलं नाही. डावी मूठ तोंडावर आडोशाला धरली, डोळे मिटले, आणि टक्‌.

आवाज अगदी हवा तसा झाला. शेटजींनी तुकडे वर धरले. गाभा केशरी, तांबूस झाक असलेला, बघत राहावा असा. मागून कुणी तरी "वाहवा" म्हणालं. जोतीरामाचा चेहरा असा उजळला की त्याच्या मिशासुद्धा हसायला लागल्या.

"थांबा शेट," तो म्हणाला, "आत्ता बोलू नगा." त्यानं खिशातून फोन काढला, लावला आणि आवाज मोठा करून शेटजींच्या तोंडापुढं धरला. "सूनबाई, ऐक, शेट सांगत्यात. त्यांच्याच तोंडानं ऐक."

"बोला काका," फोनमधून पोरीचा आवाज आला. मागं कुठंतरी चुलाण्यात लाकडं टाकल्याचा आवाज येत होता. "काहील तापत घातलीया. बघा आता, काय म्हंता त्यावर हाय सगळं."

शेटजींच्या जिभेवर "एक नंबर" आलं होतं. दोन शब्द. त्यांनी डाव्या मुठीतल्या हळकुंडाला नकळत अंगठ्यानं चाचपलं. साल जरा सुटी लागली, जास्त शिजलेल्या हळकुंडाची लागते तशी. बोटांनी सांगितलं, कुणी न विचारता. आपण आत्ता फोडलं ते हळकुंड कुणाचं, आणि निकाल कुणाला सांगतोय? तिकडं एक पोर काहिलीपुढं आपल्या तोंडाकडं कान लावून बसलीय. आपण एक नंबर म्हणालो की ती उरलेली निम्मी हळद अशीच शिजवणार.

शेटजींनी फोन जवळ ओढला. "पोरी, जरा थांब," ते म्हणाले, आणि मग दीडशे जणांकडे वळले.

"हे हळकुंड जोतीरामाचं न्हाई. माझ्या खिशातलं हाय. घरी करवतीनं कापून आनलंय."

यार्डात हमालसुद्धा पोती धरून उभे राहिले.

"माझी दाढ मेली. मरून तीन वरसं झाली म्हंती डॉक्टरीण. तिला टोपी घातलीया." शेटजींनी हातातले तुकडे खाली टाकले. "आन्‌ आत्ता तुमा सगळ्यास्नी टोपी घालनार हुतो." एवढं बोलून त्यांनी आ केला, चांगला मोठा. सकाळच्या उन्हात दाढेवरची टोपी लखकन चमकली आणि पुढच्या दोन ओळींनी सवयीनं आत डोकावून बघितलं.

मग त्यांनी डावी मूठ उघडून जोतीरामाचं खरं हळकुंड पुढं केलं. "हे फोडायला कुनी काय दील का?"

उदयसिंहानं पुढं होऊन खिशातून सुपारीचा अडकित्ता काढून दिला. यंत्र त्यानं मागंच ठेवलं, एवढं त्याचं कौतुक करायला हवं. शेटजींनी हळकुंड अडकित्त्यात धरून दाबलं. गाभा पिवळाच होता, चांगला होता, पण मधोमध तपकिरी छटा. त्यांनी तुकडा उजेडात तिरका धरला, पट्टीवरचा चौथा दात धरला होता तसा, आणि त्यांना राजेश्वरीचा तो सोडून दिलेला प्रश्न आठवला.

"दोन नंबर," ते फोनमध्ये म्हणाले. "पोरी, हळद चांगली हाय तुझी. पन फेस आल्यावर किती ठिवलीस?"

"आजून तासभर ठिवली काका," आवाज जरा उतरला. "कच्ची ऱ्हाईल म्हून भ्या वाटलं."

"भिऊ नगं. फेस आला, वास सुटला, काडी खुपसून बघायची. आरपार गेली की उतरायची. तासभर न्हाई. आत्ता काहिलीत हाय ती तशी काढ, ती एक नंबर हुईल."

"बरं काका," ती म्हणाली, आणि तिला काहिलीकडे जायची एवढी घाई झाली की फोन तसाच ठेवून गेली. लाकडं मागं ओढल्याचा आवाज इकडं सगळ्यांनी ऐकला.

आता जोतीराम काय म्हणतो, याकडे यार्ड बघत होतं. तो मिशीवरून हात फिरवत विचार करत होता.

"शेट, तीन वरसं म्हंजे, तीन सालामागं माझा ढीग भिजल्याला हुता, तुमी 'उचला' म्हनला हुतासा. ते मेल्याल्या दाढंनंच?"

"व्हय."

"बरुबरच हुतं की मग ते. भिजलीच हुती ती, मीच झाकून आनली हुती." जोतीरामानं एक मोठा श्वास सोडला. "आवं, मी काय दाढ बघाया येतो व्हय हितं? दाढ माझ्याबी तोंडात हाय. माझ्या तोंडावर माझ्या हळदीला वंगाळ म्हननारा मानूस वाईपास्नं सांगलीपतुर एकच गावला, म्हून येतो. आजबी तेच केलासा. जरा उशीर केलासा, एवढंच."

शेटजींनी टोपी काढून पुन्हा घातली. डोळे भरून आले होते आणि ते लपवायला हळदीच्या धुळीचं निमित्त आयतंच होतं.

"आन्‌ आसली टोपी," जोतीराम खाली वाकला, गालात बोट घालून त्यानं जबडा फाकवला, आणि सगळ्यात मागची दाढ पोलादासारखी चमकली, "मिल्ट्रीच्या दवाखान्यात बसवल्याली हाय. अकरा वरसं झाली. हिनं चनं खाल्लं, ऊस खाल्ला. तुमी कवा इचारलंच न्हाई."

मग जे झालं त्याला काही रीत नव्हती. एका व्यापाऱ्यानं आपली दाखवली, खालच्या बाजूची. तोलाऱ्यानं दोन दाखवल्या. उदयसिंह मागं मागं सरत होता, त्यालाही लोकांनी आ करायला लावलं, तर त्याची पांढरी निघाली आणि तिचा टवका उडालेला. "मुलाम्याची," शेटजी लांबूनच म्हणाले. "जोर पडला की उडतुया." दहा मिनिटं सांगलीचा हळदीचा बाजार एकमेकांच्या तोंडात बघत, हसत उभा होता, आणि बोली त्यानंतर सुरू झाली.

त्या दिवशी शेटजींनी अठ्ठावीस ढीग पारखले. अडकित्ता उदयसिंहाचाच वापरला, संध्याकाळी परत करायला गेले तर तो म्हणाला, "राहू द्या काका तुमच्याकडं. आन्‌ येत्या दोन-चार दिवसांत जरा तो गाभा कसा बघायचा तेवढं शिकवा." शेटजींनी होकार दिला, अडकित्ता खिशात टाकला आणि घरी गेले.

दिवस मावळायच्या आत जेवण उरकून ते ओट्यावर बसले होते, तेव्हा फोन वाजला. राजेश्वरी होती. आवाजात धास्ती होती.

"काका, आज मुहूर्त होता ना तुमचा? खरं सांगा. हळकुंड चावलंत?"

"न्हाई, डॉक्टरीणबाई," शेटजी म्हणाले. "नुसतं तोंड उघडलं."